पद्मिनीतला एसी काढून घेतला: कुर्ल्यातल्या नानांच्या गॅरेजबद्दल

आमच्या १९८६ च्या प्रीमियर पद्मिनीतला एसी मी नुकताच पूर्ण काढून घेतला. कॉम्प्रेसरपासून डॅशबोर्डखालच्या डब्यापर्यंत सगळा. काम कुर्ल्यातल्या नाना नावाच्या मिस्त्रींच्या छोट्या गॅरेजात झालं आणि ते इतकं नीट झालं की त्याबद्दल सविस्तर लिहायलाच हवं. एसी बसवून देणारे, गॅस भरून देणारे मुंबईत गल्लोगल्ली सापडतात. बसवलेला एसी गाडीला कुठेही इजा न करता काढून देणारा माणूस मिळणं मात्र कठीण आहे.

गाडी बाबांची. कंपनीतून आली तेव्हा तिला एसी नव्हता. १९९४ साली आईच्या दम्यामुळे बाबांनी तो बाहेरून बसवून घेतला. ज्यांनी त्या काळातल्या फियाट, म्हणजे याच पद्मिनी, पाहिल्यात त्यांना हा प्रकार आठवत असेल: डॅशच्या खाली मधोमध लटकणारा काळा डबा, त्याला दोन गोल बटणं, एक पंख्याचं आणि एक थंडाव्याचं. पुढची सीट सलग बाकासारखी आणि गिअर स्टीअरिंगजवळ, त्यामुळे एरवी पुढे तिघं ऐसपैस बसायची. डबा आला आणि मधल्याचे गुडघे गेले. पण आई त्या गाडीतून मे महिन्यात भर दुपारी दादरहून डोंबिवलीला मावशीकडे शांतपणे जायची, आणि बाबांना तेवढंच हवं होतं.

सुरुवातीला एसीत थंडाव्यासाठी आर-१२ गॅस होता. ओझोनच्या थराला मारक म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानं ज्यांच्यावर गदा आणली त्यांतलाच हा एक. भारत त्या करारात १९९२ साली सामील झाला आणि पुढे आर-१२ बाजारातून हळूहळू नाहीसा झाला. मग बाबांनी सिस्टीम आर-१३४ए या दुसऱ्या गॅसवर करून घेतली. आई गेल्यानंतर एसी कुणी फारसा लावला नाही. गॅस झिरपत राहिला, कॉम्प्रेसरला इंजिनाशी जोडणारा क्लच आवाज करायला लागला आणि गेली कित्येक वर्षं ते सगळं धूड नुसतं गाडीला लटकलेलं होतं.

नुसतं लटकलेलं असतं तरी मी काही केलं नसतं. पण एसीचा कंडेन्सर, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढे बसतो. समोरून येणारी हवा आधी त्याच्या जाळीतून जाते, मग रेडिएटरपर्यंत पोचते. पंचवीस-तीस वर्षांची धूळ, किडे आणि चिखल त्या जाळीत बसला की रेडिएटरला उरलीसुरली हवा मिळते. १०८९ सीसीचं, चाळीसेक हॉर्सपॉवरचं हे इंजिन उन्हाळ्यात सायनच्या सिग्नलला उभं राहिलं की तापमानाचा काटा चढायला लागायचा. पेडर रोडचा चढ चढताना माझं अर्धं लक्ष रस्त्यावर आणि अर्धं त्या काट्यावर. रेडिएटर आतून साफ करून घेतला, थर्मोस्टॅट बदलला, पाण्याचा पंप पाहून घेतला. फरक पडला, पण पुरेसा नाही. शेवटी नानांनी बोनेट उघडून कंडेन्सरमागे टॉर्च मारला आणि मला डोकवायला सांगितलं. पलीकडे उजेडाचा ठिपकासुद्धा दिसत नव्हता.

नानांकडे जायच्या आधी मी दुसऱ्या एका गॅरेजात गेले होते, आता त्याबद्दल. नाव घेत नाही, आणि तसा अनुभव कुठल्याही एका गॅरेजापुरता नाही. माझं म्हणणं अर्धवट ऐकून तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, अर्ध्या तासाचं काम आहे. गॅस सोडून देतो, पाइप कापतो, डबा खेचतो. भंगाराचे पैसे मजुरीत वळते करू." पाइप निघाल्यावर उरणाऱ्या भोकांचं काय करणार असं विचारलं तर म्हणाला, एम-सील लावू. वायरिंगचं विचारलं तर म्हणाला, टेप मारू. मी गाडी घेऊन निघाले. या तिन्ही उत्तरांत पुढची तीन दुखणी दडलेली होती, ती पुढे सांगते.

नानांचं नाव मला सीएसटी रोडवरच्या एका स्पेअर पार्टवाल्यानं दिलं. पद्मिनीचे पार्ट अजून जिथे मिळतात त्या मोजक्या जागांपैकी हा रस्ता. गाडी कुर्ल्यातच बनायची, प्रीमियरचा कारखाना इथलाच, त्यामुळे कुर्ला-कालिना पट्ट्यात या गाडीचे जुने जाणकार अजून सापडतात. मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून उतरली. टॅक्स्या होत्या तोवर पार्टांना गिऱ्हाईक होतं. आता जे आहे ते आमच्यासारख्या घरगुती गाड्यांवर चालतं, आणि नानांसारखी माणसंही तशीच टिकून आहेत.

नाना साठीच्या पुढचे. तरुणपणी त्यांनी स्वतः टॅक्स्यांची इंजिनं उतरवली, मग गाड्यांच्या एसीचं काम शिकले. म्हणजे इंजिन आणि एसी दोन्ही कळणारा माणूस, आणि या कामाला नेमकं तेच लागतं. नुसता एसीवाला इंजिनाकडे बघत नाही, नुसता इंजिनवाला गॅस हवेत सोडतो.

पहिल्या भेटीत त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी मलाच प्रश्न विचारले. "ताई, एसी परत कधी बसवायचा आहे का?" "गाडी विकायची आहे की ठेवायची आहे?" "पावसाळ्यात चालवता का?" मग एक गोष्ट स्वतःहून सांगितली, आणि तिथेच माझा विश्वास बसला. म्हणाले, "ॲव्हरेज वाढेल म्हणून काढत असाल तर राहू द्या. एसी बंद असला की क्लच सुटलेला असतो, नुसती पुली फिरते. त्यात पेट्रोल जात नाही म्हटलं तरी चालेल. गाडी थंड राहावी म्हणून काढत असाल तर काढू." कामाला आलेल्या गिऱ्हाइकाला काम करू नका असं सांगणारा मिस्त्री मी फार कमी पाहिला आहे.

गॅसपासून सुरुवात करते, कारण बहुतेक गॅरेजांत तिथेच अनर्थ होतो. नानांनी आधी सर्व्हिस पोर्ट, म्हणजे गॅस भरायची-काढायची तोंडं, पाहिली. आर-१२ चे पोर्ट आट्यांचे असतात, १३४ए चे कपलर खटकन बसतात. कुठला गॅस आहे याची खात्री झाल्यावर गॅस हवेत न सोडता ओढून घेणारं रिकव्हरी मशीन लावलं. त्यांच्याकडे ते मशीन आहे, साधंच, जुनं, पण चालू. सोबत सिलिंडर आणि खाली वजनकाटा. नानांच्या हाताखालच्या पोरानं चष्मा आणि हातमोजे घातले होते. नाना त्याला त्याशिवाय पाइपला हात लावू देत नाहीत. १३४ए उणे २६ अंशांना उकळतो. त्याचा फवारा बोटावर आला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर विषयच संपला.

काट्यावर साडेतीनशे ग्रॅम गॅस भरला. सिस्टीम निम्मी रिकामी झालेलीच होती. साडेतीनशे ग्रॅम म्हणजे काय मोठंसं, असं कुणाला वाटेल. १३४ए ओझोनला हात लावत नाही, पण उष्णता अडवून धरण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास १४३० पट आहे. म्हणजे हा एवढासा गॅस हवेत सोडणं हे पाचशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्याइतकं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. हिशेब केला तर दोनशेहून जास्त लिटर पेट्रोलचा धूर एका फुस्सकन आवाजात. आमची पद्मिनी वर्षाकाठी तेवढं पेट्रोल पीत नाही. 'गॅस सोडून देतो' असं सहज म्हणणाऱ्याला मी गाडी का दिली नाही, ते यावरून कळेल. मशीनमधून गाळलेला गॅस नाना पुढे दुसऱ्या गाडीला वापरतात. त्याबद्दल त्यांनी बिलात थोडी सूट दिली, मी मागितली नव्हती.

गॅस निघाल्यावर डबा उतरवला. इथे गाडीनं आम्हाला एक गोष्ट दाखवली, जी एसी काढला नसता तर तिचा पत्रा खाऊन टाकेपर्यंत कळली नसती. डब्यातल्या थंड कॉइलवर मुंबईच्या दमट हवेतलं पाणी जमतं आणि ते एका बारीक नळीतून गाडीखाली पडायला हवं. आमच्या डब्याची नळी कधीतरी सुटून आतच वळली होती. म्हणजे आई ज्या उन्हाळ्यांत त्या थंडाव्यात बसायची, त्या प्रत्येक उन्हाळ्यात थेंब थेंब पाणी डावीकडच्या मॅटखाली उतरत होतं. वर रबर, खाली जुना नमदा, त्याखाली पत्रा. नानांनी मॅट उचलली, नमद्याला बोट लावलं तर तो भिजून वाळलेल्या पुठ्ठ्यासारखा तुटला. खाली तळहाताएवढ्या भागात पत्रा तपकिरी पापुद्र्यांत सुटत होता. नानांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक हलकेच दाबलं आणि ते आरपार गेलं, खाली गॅरेजची लादी दिसली.

त्यांनी तिथेच काम थांबवून मला फोन केला. फोटो पाठवला, मग म्हणाले, "ताई, हे झाकून गाडी देता येईल, पण मी देणार नाही. या, बघा, मग ठरवू." मी गेले. शेजारच्या गाळ्यात पत्र्याचं काम करणारे आहेत, त्यांच्याकडून सडलेला भाग निरोगी पत्र्यापर्यंत कापून नवा तुकडा वेल्ड करून घेतला. वेल्डिंगआधी बॅटरी काढली, सीट बाहेर काढली, पेट्रोलची नळी कुठून जाते ते पाहून झाकली. वर-खाली प्राइमर, खालून अंडरकोट. मी उभं राहून पाहिलं. घाई कुठेही नव्हती.

आता बोल्ट. हे मला स्वतःला फार शिकवून गेलं. कॉम्प्रेसर इंजिनावर एका जाड लोखंडी ब्रॅकेटवर बसतो. ते ब्रॅकेट बसवताना इंजिनाचे मूळचे बोल्ट काढून त्या जागी लांब बोल्ट टाकतात, कारण मध्ये ब्रॅकेटची जाडी असते. ब्रॅकेट काढलं आणि तेच लांब बोल्ट परत फिरवले तर काय होतं? बोल्ट भोकाच्या तळाला जाऊन टेकतो, पान्याला घट्ट लागतो, मिस्त्रीला वाटतं आवळला. प्रत्यक्षात वरचा भाग सैलच असतो. आणखी जोर लावला तर आटे उडतात किंवा आतलं कास्टिंग तडकतं. नानांनी एक जुना लांब बोल्ट आणि एक मूळ मापाचा बोल्ट माझ्या तळहातावर शेजारीशेजारी ठेवले. फरक जेमतेम पेराएवढा. सीएसटी रोडवरून योग्य मापाचे बोल्ट आणि वॉशर आणले, आटे पाडायच्या टॅपनं भोकांतले आटे साफ केले आणि मग नेमक्या जोरानं आवळता येणाऱ्या टॉर्क पान्यानं बोल्ट आवळले. अर्ध्या तासात डबा खेचून देणारा या पेराएवढ्या फरकाकडे बघेल असं मला वाटत नाही.

कॉम्प्रेसरच्या पट्ट्यासाठी क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर, एक जादा पुली बोल्टनं जोडलेली होती, तीही काढली. पंख्याचा आणि अल्टरनेटरचा मूळ पट्टा नव्यानं ताण देऊन बसवला.

फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि आपले पाय यांच्या मधल्या पत्र्याला, पाइप आणि वायरसाठी तीन भोकं पाडलेली होती. भोकांकडे कुणी लक्ष देत नाही. पण तिथून पावसाचं पाणी येतं, इंजिनाची धग येते, आणि सायलेन्सरचा जोड कुठे फुटका असेल तर धूरही येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, काचा बंद करून बसणाऱ्याला कळतही नाही. एम-सील काही वर्षांत सुटून पडतं. नानांनी दोन लहान भोकांना मापाची रबरी बुचं बसवली. मोठ्या भोकावर पत्र्याची चकती कापून, कडेनं सीलंट लावून रिव्हेट मारले. वेल्ड का नाही केली असं विचारलं तर म्हणाले, "उद्या तुमच्या मुलाला एसी हवासा वाटला तर? रिव्हेट ड्रिलनं निघतो." गाडीत बसल्यावर आवाजातला फरक लगेच कळतो. इंजिनाची गुरगुर आता बाहेरच राहते.

वायरिंग त्यांनी कापलं नाही, उकललं. रिले, प्रेशर स्विच, क्लचची वायर, ब्लोअरची वायर, सगळं पार फ्यूजपर्यंत आणि बॅटरीपर्यंत मागे नेऊन सोडवलं. जुन्या चिकट टेपच्या आत एक वायर उघडी पडून ब्रॅकेटच्या कडेला घासत होती, आणि तिच्यात करंट चालू होता. टेप मारून सोडून दिली असती तर एखाद्या दिवशी धूर निघाला असता. चाळीस वर्षांच्या गाडीत आग लागण्याचं कारण बऱ्याचदा असंच एखादं विसरलेलं टोक असतं.

एक गोष्ट मात्र त्यांनी मुद्दाम काढली नाही. एसी बसवताना कंडेन्सरसमोर विजेचा पंखा लावलेला होता. मी म्हटलं, नाना, सगळंच काढताय तर हाही काढा. ते म्हणाले, राहू द्या. त्यांनी तो रेडिएटरच्या चौकटीवर नीट बसवला, स्वतंत्र फ्यूज आणि रिले दिला आणि डॅशखाली एक छोटा स्विच. ट्रॅफिकमध्ये काटा हलला की मी तो लावते. मूळ रूपाचा हट्ट धरणारे नाक मुरडतील. नियमानुसार 'व्हिंटेज' म्हणून नोंद करायची तर गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपातली लागते. आमचीला ते २०३६ नंतर, आणि पंखा तेव्हा दोन बोल्टांत निघेल. तोवर मला दादरच्या ट्रॅफिकमध्ये उभं राहायचं आहे. नानांचा निर्णय मला पटला.

काढलेला सगळा माल त्यांनी मला परत दिला. शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर सत्तावीस किलो भरलं. कॉम्प्रेसरची आणि कॉइलची उघडी तोंडं प्लास्टिकच्या टोप्यांनी बंद केलेली, प्रत्येक पार्टला चिठ्ठी. फक्त ड्रायर फेकून दिला, कारण आतले पाणी शोषणारे दाणे एकदा हवेला उघडे पडले की निरुपयोगी. कॉम्प्रेसर मी ठेवलाय. इंजिनापुढचं एवढं वजन उतरल्यानं गाडीचं नाक किंचित वर आलं, म्हणजे हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जाणार. हे नानांच्या लक्षात होतं. संध्याकाळी भिंतीसमोर गाडी उभी करून त्यांनी दोन्ही दिवे खाली करून दिले.

परिणाम? काटा आता निम्म्याच्या आसपास राहतो. पेडर रोडवर चढताना मी रस्त्याकडे बघते. जुन्या हायवेनं बोर घाट चढून लोणावळ्याला जाऊन आले, वाटेत पाणी घालायला थांबावं लागलं नाही. ॲव्हरेज नाना म्हणाले तसंच, होतं तेवढंच आहे. पुढे पुन्हा तिघं बसतात. डावीकडे पाय लांब करता येतात, आणि डॅशखालचा पत्रा, जो मी शाळेत असताना पाहिला होता, तो परत दिसला.

आता ज्या गोष्टी मला आवडल्या नाहीत त्याही लिहिते. नाना तारीख देतात आणि पाळत नाहीत. सोमवारी मिळेल म्हटलेली गाडी पुढच्या आठवड्यात मिळाली. त्यात पत्र्याचं काम वाढलं हे खरं, पण कळवायला हवं होतं. बिघाड सापडला की फोन लगेच येतो, उशीर होणार असेल तर येत नाही, आणि आपण केला तर उचलत नाहीत. गॅरेज म्हणजे एकच गाळा, बाकी गाड्या गल्लीत. माझी गाडी दोन रात्री ताडपत्रीखाली रस्त्यावर होती, ही मला चिंतेची गोष्ट वाटली. बसायला एक स्टूल आहे, बाकी काही सोय नाही. बाईमाणसानं तीन-चार तास थांबायचं तर अवघडच. आणि बिल हातानं लिहिलेलं, पावतीपुस्तकातलं. विम्यासाठी किंवा ऑफिसात दाखवण्यासाठी ज्यांना रीतसर बिल लागतं त्यांनी आधीच बोलून घ्यावं.

खर्च असा आला: एसी उतरवणं, गॅस काढणं, वायरिंग मिळून मजुरी साडेसात हजार. फ्लोअरचा पत्रा, वेल्डिंग, प्राइमर, अंडरकोट ३,२०० रुपये. बोल्ट, बुचं, रिव्हेट, फ्यूज-रिले, पट्टा वगैरे सामान १,१५०. एकूण ११,८५०, त्यातून गॅसचे साडेतीनशे वजा करून ११,५०० घेतले. यूपीआय चालतं. दुसरीकडे हेच काम 'भंगारात वळतं करून' फुकट होत होतं. मला अकरा हजार अजिबात जास्त वाटले नाहीत.

हे वाचून कुणी आपल्या आजच्या गाडीतला एसी काढायला निघू नये, हे मला कळकळीनं सांगायचं आहे. नव्या गाड्यांत एकच लांब पट्टा अल्टरनेटर, कॉम्प्रेसर आणि कधीकधी पाण्याचा पंपही फिरवतो. कॉम्प्रेसर काढला तर पट्ट्याचा मार्गच बदलतो, मग बायपास पुली किंवा वेगळ्या मापाचा पट्टा शोधा. एसीचे सेन्सर इंजिनाच्या कॉम्प्युटरला जोडलेले असतात. कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या पोटात असते, ती काढायला सगळा डॅश उतरवावा लागतो आणि उतरवलेला डॅश नंतर खडखडत राहतो. नानांकडे एक जण पाच-सात वर्षांची हॅचबॅक घेऊन आला होता, कॉइल वारंवार लीक होते म्हणून एसीच काढा म्हणत होता. नानांनी त्याला नवी कॉइल टाकायला लावली आणि काढायला साफ नकार दिला.

शिवाय मुंबईचा पाऊस आहे. एसी हवा थंड करतो तशी कोरडीही करतो. जुलैत काचा बंद, आत चार माणसं, तर समोरची काच दोन मिनिटांत आतून पांढरी होते. एसी असला की ती लगेच निवळते. पद्मिनीला पुढच्या दारांना त्रिकोणी छोट्या काचा आहेत, त्या तिरक्या उघडल्या की पाऊस आत न येता वारा येतो, आणि मी हाताशी एक कोरडं सुती फडकं ठेवते. मुसळधार पावसात मी ही गाडी काढत नाही. ज्यांची ही रोजची आणि एकमेव गाडी आहे, घरात लहान मूल किंवा दम्याचं माणूस आहे, त्यांनी कंडेन्सर साफ करून एसी दुरुस्त करून घ्यावा. आई असती तर मीही तेच केलं असतं आणि नानांनीही तेच सांगितलं असतं.

पण बाहेरून एसी बसवलेली जुनी फियाट असेल, जुनी मारुती ८०० असेल, एसी कायमचा बंद असेल आणि गाडी तापत असेल, तर नानांकडे जरूर जा. फोन नंबर इथे टाकू नका असं त्यांनी सांगितलं आहे, हातात आहेत तीच कामं पुरी होत नाहीत म्हणून. सीएसटी रोडवर फियाटचे पार्ट विकणाऱ्या कुणालाही 'एसीवाले नाना' विचारा, पोरगा सोबत देतात. सकाळी लवकर जा, इंजिन थंड असताना त्यांना बघायला आवडतं. गॅस मशीननं काढणार ना, लांब बोल्ट बदलणार ना आणि वायर बॅटरीपर्यंत सोडवणार ना, हे विचारायची त्यांच्याकडे गरज पडत नाही. दुसऱ्या कुणाकडे जात असाल तर हे तिन्ही प्रश्न चावी देण्याआधी विचारा.